पाय कोणत्या झाडावर होते

वकीलबाईंनी पेनांचा डबा टेबलाच्या एका टोकाला ठेवला, पाण्याचा ग्लास हातभर अंतरावर ठेवला आणि मधल्या जागेत पट्टी आडवी टाकली.

"हे श्रीपाद हेगडेंचं झाड," डब्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "हे कमलम्मांचं. आणि हा मधला चर. आता केरिया गौडा, नीट आठवून सांगा. पडलात तेव्हा पाय कोणत्या झाडावर होते?"

केरियाने डब्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. त्याला बाकावर बसवलं होतं तसा तो बसला होता, एका अंगाला बायको आणि दुसऱ्या अंगाला भिंत. दोन्हींपैकी एक काढलं असतं तर कलंडला असता. कमरेखाली त्याला दोन महिन्यांपासून काही कळत नव्हतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"हातात काय होतं?"

"आठवत नाही."

वकीलबाईंनी मादेवीकडे पाहिलं. नवऱ्याने उत्तर दिलं नाही की लोक तिच्याकडे बघतात, याची तिला आता सवय झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसंच पाहिलं होतं. विमा कंपनीचा माणूस फूटपट्टी घेऊन बागेत आला होता, त्याने तर वहीतून मान न काढता तसं पाहिलं होतं. मादेवीने पदर सारखा केला आणि समोरच्या कॅलेंडरवरचे लाल आकडे मोजत बसली. फेब्रुवारीत पाच होते.

"हे बघा," वकीलबाई म्हणाल्या. त्या तरुण होत्या, सिरसीच्याच शानभागांच्या घरातल्या, आणि घाईत असल्या तरी घाई दाखवत नव्हत्या. "चूक कुणाची, बेफिकिरी कुणाची, असं कायदा विचारत नाही. कामावर असताना पडलात, तर भरपाई मिळते. प्रश्न एवढाच आहे की कुणाच्या कामावर होतात. हेगडेंनी या हंगामासाठी सोसायटीत तुमच्या नावाचा विमा उतरवला होता. कमलम्मांनी नाही."

"त्या कशाला उतरवतील?" मादेवी म्हणाली. "त्यांच्या बांधावरच्या अकरा पोफळी. अकरा झाडांसाठी वेगळा माणूस येतो होय? हे हेगडेंची ओळ संपवली की तसेच वरच्या वर तिकडे जायचे, दरवर्षी. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक आहे तेच कंपनीलाही कळलं. म्हणून तर नाही म्हणून पत्र आलं."

यात खोटं काही नव्हतं. त्या मुलखात कोनेगौडा, म्हणजे सुपारीचे घड उतरवणारा, एकदा पोफळीवर चढला की अर्धा दिवस खाली उतरत नाही. झाडाला झोका द्यायचा, लांब आकडीने पुढच्या पोफळीचा शेंडा ओढून घ्यायचा, हाताने धरायचा आणि मग पाय टाकायचे. तोडलेले घड कमरेच्या दोरावरून खाली सोडायचे, खालचा माणूस दोर धरून ते उतरवून घेतो. झाडाखालची जमीन कुणाची, हे वर बसून दिसत नाही. केरिया सापडला तो चरात, आणि डोकं होतं कमलम्मांच्या बाजूला. फूटपट्टीवाल्याला तेवढं पुरलं. आता पैसे द्यायचे तर कमलम्मांनी द्यायचे, आणि कमलम्मा म्हणजे अकरा पोफळी, एक गाय आणि मोतीबिंदूचा डोळा. त्यांच्यावर दावा लावून त्यांच्या गाईचं दूध घरी आणायचं का, असं मादेवीने विमावाल्याला विचारलंही होतं. त्याने ते लिहून घेतलं नव्हतं.

"पाय अजून हेगडेंच्या झाडावर होते, एवढं दाखवता आलं तर मी केस घेते," वकीलबाई म्हणाल्या. "मला आधी काही देऊ नका, मिळालं तर त्यातलं घेईन. पण अशिलालाच आठवत नसेल तर मी कशावर उभी राहू?"

मग त्यांची नजर दाराकडे गेली. दाराच्या चौकटीला टेकून चौडा उभा होता. मादेवीचा पाठचा भाऊ. केरियाला पाठीवर घेऊन एकोणीस पायऱ्या चढून आला होता, अजून छाती भात्यासारखी हलत होती.

"खाली दोर धरायला तुम्हीच होतात ना?"

"हो."

"काय पाहिलंत?"

"डोळ्यांवर ऊन होतं, बाई."

"दोर हातात होता?"

"हातातच होता."

"म्हणजे हे पडले तेव्हा दोर तुमच्या हातातून सरसरत गेला असणार." वकीलबाई पुढे वाकल्या. "वरचं टोक यांच्या कमरेला, खालचं तुमच्या हातात. तळहात सोलून निघाले असतील! त्याच दवाखान्यात दाखवलेत का? कागद आहे? फोटो? तुम्ही कुठे उभे होतात, ओढ कुठून कुठे बसली, यावरून काहीतरी हाती लागेल."

चौड्याने आपले तळहात पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"बरे झाले आता," तो म्हणाला.

"होणारच. दोन महिने झाले," वकीलबाई म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

मादेवीने कॅलेंडरवरची नजर काढली नाही. ती दोर धरणाऱ्याची मुलगी होती आणि दोर धरणाऱ्याची बहीण. हंगामात रोज संध्याकाळी हळद घालून तेल कोमट करायचं आणि बापाच्या हातांना लावायचं, हे तिचं लहानपणचं काम. दोर नुसता घडांच्या वजनाने सरकला तरी हाताची काय गत होते, ते तिला सांगायला नको होतं. आणि त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने स्वतः चौड्याच्या हातात चहा दिला होता. स्टीलचा पेला, काठोकाठ, चटके देणारा. चौड्याने तो दोन्ही तळहातांत घट्ट धरला होता आणि तळापर्यंत प्यायला होता.

तिने ते तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं आणि तिथेच सोडून दिलं, कारण त्या दिवशी पाहण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. आता तिला भयंकर राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली. राग आला नाही, रडू आलं नाही, फक्त पायाला मुंग्या आल्या म्हणून तिने पाय बदलला.

वकीलबाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. "हे वकीलपत्र. बाहेर बसा, विचार करा. पायांचं आठवलं तर सही करून वर आणा. मी एकला जेवायला जाते, दुपारी मला कोर्ट आहे. आणि नाही आठवलं, तर उगाच कुणाच्या सांगण्यावरून माझ्याकडे खोटं आणू नका."

चौडा केरियापुढे पाठ करून उकिडवा बसला. केरियाने त्याच्या गळ्यात हात टाकले. ते काम आता दोघांना इतकं सरावाचं झालं होतं की बोलावं लागत नसे. रोज सकाळी चौडा आपल्या घरून यायचा, केरियाला परसात न्यायचा, न्हाणीत न्यायचा, उन्हाला आणून बसवायचा आणि मग कामाच्या शोधात जायचा. हेगडेंनी आपल्या वारलेल्या वडिलांची चाकांची खुर्ची पाठवली होती. ती चांगली होती, पण मादेवीच्या घराला जायला चिऱ्याच्या बत्तीस पायऱ्या होत्या आणि अंगण उताराचं. सध्या त्या खुर्चीवर कोंबडी अंडी घालत होती.

खुर्चीच्या मागोमाग हेगडे स्वतःही येऊन गेले होते. "केस करू नको असं मी म्हणत नाही, केरिया," ते म्हणाले होते. "पण माझं नाव कोर्टात यायचं, लोक म्हणणार हेगड्याने माणूस पाडला. तांदूळ लागला तर सांग ना. मी काय परका आहे?" तेव्हापासून मादेवी समजून होती की नवरा गप्प बसतो तो हेगडेंच्या भिडेने. पंचवीस वर्षांची भीड, तुटेल तेव्हा तुटेल.

खाली झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक कट्टा होता. चौड्याने केरियाला तिथे भिंतीशी बसवलं, त्याचे पाय उचलून एकावर एक पडणार नाहीत असे ठेवले.

"बस किती वाजता आहे बघून ये," मादेवी त्याला म्हणाली. "आणि यांना काहीतरी खायला आण."

तो रस्ता ओलांडून गेला. मादेवी नवऱ्याच्या शेजारी बसली. कागद तिने पिशवीवर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

"दोर कुठे बांधला होता?" मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं, तसं तिने विचारलं.

केरिया आपल्या पायांकडे बघू लागला.

"हात बघितले होते मी त्याचे. त्याच दिवशी."

दुकानातलं यंत्र कागद ओढत होतं. केरियाने मान दुसरीकडे वळवली, पण दुसरीकडे भिंत होती.

"हेगडेंच्या पोफळीला," तो म्हणाला. "चराच्या अलीकडच्या."

मादेवीला नवऱ्याविषयी एकदम बरं वाटलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या भावासाठी गप्प बसला होता तर. दोर धरणाऱ्याने दोर झाडाला बांधला हे एकदा बाहेर फुटलं, की त्याला सिरसी-सिद्धापुरात कुणी बागेत उभं करणार नाही, आणि चौड्याला दुसरं काम येत नव्हतं. तिचा हात नवऱ्याच्या हाताकडे गेला.

"मीच सांगितलं त्याला," केरिया म्हणाला. "सकाळपासून तोंडात काही नव्हतं त्याच्या. म्हटलं, बांध आणि पानाचा एक कवळ खाऊन घे. मीही बसतो घटकाभर वर."

"मग?"

"मग पलीकडचा घड दिसला. कमलम्मांचा. पूर्ण पिकलेला. म्हटलं, तेवढा घेतो."

"हाक नाही दिली?"

हाक दिल्याशिवाय कोनेगौडा झाड बदलत नाही. वरून हाक आली की खालचा माणूस दोर सैल सोडतो. हे मादेवीलाच काय, शाळेत जाणाऱ्या तिच्या पोरींनाही ठाऊक होतं.

"हातभर तर अंतर होतं," केरिया म्हणाला. "म्हटलं, दोर पुरेल. हात पोचले होते पलीकडे. पाय उचलणार तेवढ्यात मागून ओढ बसली."

"म्हणजे पाय इकडेच होते."

"इकडेच."

"आठवत नाही म्हणत होतात."

"आठवतंय सगळं. रोज आठवतंय."

मादेवीने हात मागे घेतला आणि पुन्हा कागदावर ठेवला.

"चौड्याला काय वाटतं?"

"त्याला वाटतं, हाक मी दिली आणि दोर त्याने सोडला नाही."

"असं म्हणाला तो?"

"दवाखान्यात पायांवर डोकं ठेवून रडत होता. मला कळत नव्हतं पायांना, पण दिसत होतं. दाजी, माझ्यामुळे, माझ्यामुळे. मी काय बोलणार? नाकातोंडात नळ्या होत्या."

"नळ्या आठव्या दिवशी काढल्या."

केरियाने ओठ ओले केले. समोरून एक गाडीवाला फणसाच्या गऱ्यांची हाळी देत गेला.

"रोज सकाळी येतो तो," केरिया शेवटी म्हणाला. "एक दिवस चुकला नाही. पावणेसहाला कवाड वाजतं. आणि मी त्याला सांगू, तुझी काही चूक नव्हती रे बाबा, जा आपल्या कामाला?" त्याचा आवाज चढला नाही. "तू उचलणार आहेस मला? सांग. तू उचलणार?"

मादेवीच्या अंगात केवढा जीव होता ते त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. एकदा तिने करून पाहिलं होतं. न्हाणीच्या उंबऱ्यात दोघं पडली होती आणि तशीच पडून राहिली होती, चौडा येईपर्यंत.

तिला त्याची लाज वाटली. मग त्याची कीव आली. मग दोन्ही गेलं आणि ती हिशेबाला लागली. दोर हेगडेंच्या झाडाला होता, ओढ त्या झाडाकडून बसली, पाय अजून त्या झाडावर होते. वकीलबाईंना जे हवं होतं ते सगळं तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. पण नवऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर कंपनी विश्वास ठेवणार नव्हती; ते सांगायचं तर चौड्याने आपल्या तोंडाने सांगायचं. आणि त्याला सांगायला लावायचं, तर मग चुकीचं जे ओझं तो डोक्यावर घेऊन फिरत होता तेही काढून घ्यायला हवं. नुसतं एक घेऊन दुसरं त्याच्याकडेच ठेवायचं, हे तिच्याने होईना.

चौडा परत आला. कागदात गुंडाळलेले दोन बन आणि पिशवीतून ताक.

"एकला दहा कमी असताना बस आहे," तो म्हणाला. "नंतरची एकदम चारला." त्याने बन मोडून तुकडा केरियाच्या हातात दिला. "गरम आहेत दाजी. आत्ताच काढले."

केरियाने तुकडा हातात धरून ठेवला.

"सांगा त्याला," मादेवी म्हणाली.

"काय?" चौड्याने विचारलं.

"सांगा," ती पुन्हा म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

केरियाने चौड्याकडे पाहिलं नाही. बनाकडे बघत म्हणाला, "चौड्या, त्या दिवशी मी हाक दिली नव्हती."

चौडा ताकाची पिशवी सोडत होता. गाठ घट्ट होती. ती सुटेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"दिली होती," तो म्हणाला.

"नव्हती रे."

"दिली होती दाजी. मी ऐकली ना." तो हळू बोलत होता, समजूत घालावी तसं. "चुना लावत होतो. म्हटलं, एवढं पान गुंडाळतो आणि सोडतो. एवढ्यात काय होतंय, म्हटलं."

"मी सांगतोय ना तुला, मी तोंडच उघडलं नव्हतं."

"मला ऐकू आली. अजून येते."

केरियाच्या हातातला तुकडा खाली पडला. तो कुणी उचलला नाही. दोघांपैकी कुणाचं खरं, हे मादेवीला कळेना. नवरा आत्ता खोटं बोलत होता असं वाटत नव्हतं, आणि भावाला खोटं बोलता येत नव्हतं. एक दोरच काय तो खोटा सांगितला होता त्याने, तोही किती कच्चा. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघेही थकलेले दिसत होते, हंगामाच्या शेवटी दिसतात तसे.

"हाकेचं त्या बाई विचारणार नाहीत," ती म्हणाली. "दोर कुठे बांधला होता, तेवढं सांगायचं."

चौड्याने ताक कट्ट्यावर ठेवलं.

"मग मला दोरावर कोण घेईल, अक्का?"

"कुणी नाही घेणार."

तो मान हलवत राहिला. हो म्हणून की नुसताच, ते कळत नव्हतं. रस्त्यापलीकडे बस येऊन थांबली, कंडक्टर खाली उतरून गावांची नावं ओरडू लागला. मादेवीने पिशवीतून पेन काढलं आणि कागद नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मांडीला कागदाचा पत्ता नव्हता. केरियाने सही केली, शाळेत शिकवली होती तशी एकेक अक्षर वेगळं काढून.

चौड्याने तळहात लुंगीला पुसले. केरियाच्या पुढ्यात आला आणि पाठ करून उकिडवा बसला.

केरियाने हात टाकले नाहीत.

चौडा तसाच बसून राहिला, मागे न बघता. बस भरत होती. झेरॉक्सवाल्याने दुकानातून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेला.

मादेवीने कागद घडी घालून कमरेला खोवला. मग नवऱ्याचा एक हात उचलला, दुसरा हात उचलला, आणि दोन्ही भावाच्या गळ्यात घातले.

"वर," ती म्हणाली. "बाई जेवायला जायच्या आत."